पायाशी वाहिलेलं पाणी

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रोजनिशी लिहायला घेतली. कारण थोर आहे. जालन्यातल्या आमच्या डॉक्टर मंडळाने दिवाळीनंतरच्या सभेत मला भाषण करायला सांगितलंय. विषय: दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये विजेच्या हत्यारांनी पेशंटला चुकून भाजतं, ते कसं टाळावं. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "सोमेश्वरराव, तुमच्याएवढा अनुभव जिल्ह्यात कुणाला आहे?" हे वाक्य ते प्रत्येक वक्त्याला ऐकवतात, मला ठाऊक आहे. तरी मी फोन स्पीकरवर टाकला, दैवशालाला ऐकू जावं म्हणून. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

दैवशाला माझी बायको, आणि आमच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलची भूलतज्ज्ञ. पेशंट झोपवणं आणि मला जागं ठेवणं ही दोन्ही कामं तिच्याकडे. कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे घरात अरे-तुरे चालतं, मी तिला शाला म्हणतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, चारचौघांसमोर ती मला सर म्हणते. घरातही सर म्हणाली, तर समजायचं, काहीतरी बिघडलंय.

भाषणाची पहिली टिपणं. पोटाला तीन-चार भोकं पाडायची. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. त्यातल्या एकाच्या टोकाला वीज सोडली की ते कापतं आणि रक्तही थांबवतं. या मशीनला आम्ही कॉटरी म्हणतो. ती पायाने चालते. जमिनीवर पेडल असतं: दाबलं की वीज सुरू, पाय उचलला की बंद. वीज चालू असताना टोक नको तिथे टेकलं, तर नको ते भाजतं. भाषण खरं तर इथेच संपतं, पण मला पाऊण तास दिलाय.

आज ओटीत हत्यारांची पूजा केली. दरवर्षी करतो. हिरव्या कापडावर चिमटे, कात्र्या मांडल्या, झेंडूची फुलं, हळदकुंकू. नारळावरून शालाचं आणि माझं वाजलं. ती म्हणे, बाहेर पायरीवर फोड. मी म्हणालो, मशीनची पूजा आहे तर मशीनसमोरच फुटला पाहिजे. एका फटक्यात फोडला. नारळाचं थोडं पाणी मशीनवर वाहायचं असतं, गाडीच्या चाकावर वाहतो तसं. पण विजेच्या मशीनवर पाणी ओतायला मी काय खुळा आहे का? शिकलेला माणूस. मी शास्त्रशुद्ध मार्ग काढला. देवाच्या पायाशी पाणी वाहतात. मशीनचा पाय कोणता? पेडल. वाटीभर पाणी पेडलवर वाहिलं, वर चिमूटभर साखर-खोबरं ठेवलं. सगळ्यांनी नमस्कार केला.

आमच्या ओटीच्या कांता सिस्टरने नंतर कापडाने पेडल वरून पुसून लख्ख केलं.

३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. सोनं वाटून हात दुखले. आज स्लाईडी करायला बसलो. पुस्तकातून मुद्दे काढले आणि माझे वाटावेत अशी शब्दांची अदलाबदल केली. हत्याराच्या दांड्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण चिरलेलं नाही ना, ते दरवेळी बघावं. पेशंटच्या मांडीखालची, वीज परत नेणारी पट्टी नीट चिकटवावी. टोक पडद्यावर दिसत असेल तेव्हाच पेडल दाबावं.

सहावी स्लाईड: वीज चालू असताना मशीन 'टूं' असा आवाज करतं, तो आवाज कधीही बंद किंवा बारीक करू नये. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण स्लाईड भरायला बरं.

आमच्या मशीनचा आवाज मात्र भलताच कर्कश होता. मी ओटीत गातो. जुनी नाट्यपदं, आवाज बरा आहे. मशीन मधेच टूं करायचं आणि नेमकी तान मोडायची. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या आवाजाची चकती खाली फिरवली आणि वर स्पीकरवर कापसाचा बोळा ठेवून चिकटपट्टी लावली. तेव्हापासून सगळं सुरात चाललंय. शाला तेव्हा म्हणाली होती, "तो आवाज तुझ्यासाठी नाहीये, आम्हा बाकीच्यांसाठी आहे." मी म्हणालो, "माझा पाय कुठे आहे ते मला कळत नाही का?" ती इंजेक्शन भरायला वळली.

६ ऑक्टोबर

हसनाबादहून नंदाबाई आल्या. वय चोपन्न, पित्ताशयात खडे. तीन महिन्यांपासून जेवलं की पोट धरून बसतात. सोबत त्यांचे मालक काकासाहेब. मिरचीचं रान आहे. तोडणीच्या बायांवर बाई जातीने लक्ष ठेवतात, म्हणून ऑपरेशन लांबवत होत्या.

"डॉक्टरसाहेब, दिवाळीला घरी पाहिजे बरं का ही," काकासाहेब म्हणाले. "पोरगी पहिल्या बाळाला घेऊन येऊन राह्यली. नातवाला आंघोळ हीच घालणार म्हून बसलीय."

मी म्हणालो, "दिवाळी काय घेऊन बसलात, परवा घरी जातील."

"पोट फाडत न्हाईत ना? तिला त्याची लई भीती वाटते."

"बिलकुल नाही. चार टिकल्यांएवढी भोकं. गावात कुणाला दिसणारसुद्धा नाहीत."

नंदाबाई हसल्या. म्हणाल्या, "मला कोन बघायलंय आता." पण त्यांना बरं वाटल्याचं दिसलं.

पायातली जोडवी निघेनात. लग्नापासून काढलेली नाहीत. कांता सिस्टरने साबण लावून बघितला, शेवटी पट्टी गुंडाळली.

आणखी एक. ओटीत लाल मुंग्या झाल्यात. मी सिस्टरला झापलं. ओटीत डबा खाता का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, मी वीस वर्षांत इथं पाणी पण प्यायले नाही." मी म्हणालो, मुंग्या काय उगाच येतात? खडू ओढा. त्यांनी भिंतीकडेने मुंग्यांचा खडू ओढला. दसऱ्यानंतरचं उद्या पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि ओटीत मुंग्या. शोभतं का?

७ ऑक्टोबर

नंदाबाईंचं ऑपरेशन झालं. पित्ताशय बाहेर. अकरा खडे, मटकीच्या दाण्यांएवढे, बाटलीत घालून काकासाहेबांना दिले. त्यांनी बाटली उजेडात धरून बराच वेळ बघितली.

गळा आज छान लागला होता. पित्ताशय यकृतापासून सोडवत होतो, अंतरा रंगात आला होता, तेवढ्यात पेशंटच्या डोक्याकडच्या कापडी पडद्यामागून शालाने विचारलं, "सर, पाय उचललाय का?"

मी म्हणालो, "हो."

उचललाच होता. हत्याराचं टोक मागे घेत होतो. किंचित धूर दिसला. आधीचाच असेल. पोटात धूर कोंडतो, बाहेर पडायला वेळ लागतो. शेवटी सगळीकडे कॅमेरा फिरवला. आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. चरबी असेल. थोडा वेळ बघत राहिलो. लाईट पडला की कधीकधी तसं दिसतं. बाहेर आलो, भोकं शिवली.

शालाने चहा अर्धा टाकून दिला. दसऱ्याला साडी घेतली नाही ते अजून डोक्यात असणार.

८ ऑक्टोबर

नंदाबाई उठून बसल्या. भाकरी मागतात. मी म्हणालो, आज पेज, उद्या भाकरी. काकासाहेब म्हणाले, "गावात सांगितलं, काल ऑपरेशन आन आज बसली. कुनी ऐकून राह्यलं न्हाई."

शाला सकाळ-संध्याकाळ नंदाबाईंच्या खाटेशी जाऊन पोट दाबून बघते. हे तिचं काम नाही. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "बघितलं तर झिजत नाही, सर."

घरात म्हणाली. सर.

९ ऑक्टोबर

नंदाबाईंच्या पोटात दुखतंय. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला आत गॅस सोडतो, तो राहिला की दुखतं. मी काकासाहेबांना दोन्ही हातांनी हवा करून समजावून सांगितलं. ते मान हलवत होते. मला माझं समजावणं पटत होतं.

संध्याकाळी नाडी थोडी जलद. चालल्या असतील. सिस्टर म्हणाल्या, चालल्या नाहीत. मग घाबरल्या असतील.

तो पांढरा ठिपका. दिवसभर डोळ्यांसमोर येतोय. चरबी पिवळी असते, हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

१० ऑक्टोबर

ताप. पोट फळीसारखं कडक. मी हात ठेवला तर नंदाबाईंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "नका हात लावू, डॉक्टर." इतक्या हळू म्हणाल्या की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

संभाजीनगरला पाठवू का, असं मी शालाला विचारलं. खरं तर मला कुणीतरी माझ्या हातातून हे काढून घ्यायला हवं होतं. ती म्हणाली, "रस्त्यात वेळ जाईल. पोटात घाण पसरतेय. तुला शिवता येतं. चल." आज तिने अरे-तुरे केलं आणि मला रडू आलं. ओटीच्या कपड्यांत, हात धुण्याच्या नळापाशी. त्रेपन्न वर्षांचा अनुभवी वक्ता.

काकासाहेबांना म्हणालो, पोट उघडावं लागेल. त्यांनी विचारलं, "फाडावं लागंल?" मी हो म्हणालो. त्यांनी सही केली. मग बाकावर जाऊन बसले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून.

ठिपक्याच्या जागी भोक पडलं होतं. कडा पांढऱ्या, जळालेल्या. कॉटरीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. रक्ताच्या बारीक बारीक नळ्या जुन्या लोकांसारख्या दोऱ्याने बांधल्या. जळालेला भाग कापला, शिवला, वर चरबीचा पदर टाकून बसवला, पोट धुतलं, नळी ठेवली. एक शब्द गायलो नाही. ओटीत फक्त शालाच्या मॉनिटरची टिकटिक होती. अशी शांत ओटी मी कधी ऐकलीच नव्हती.

बाहेर आल्यावर काकासाहेबांना म्हणालो, "थोडी गुंतागुंत झाली होती. आता ठीक आहे." गुंतागुंत हा फार सोयीचा शब्द आहे. ती कुणी केली ते तो सांगत नाही.

१२ ऑक्टोबर

नंदाबाई शुद्धीत, ताप उतरतोय, पण नाकात नळी, पोटात नळी. तोंडाने काहीच नाही. पुढचे चार-पाच दिवस टाका धरला पाहिजे. नाही धरला तर काय, ते इथे लिहीत नाही.

मी गुन्हेगार शोधायला बसलोय. रविवार होता. सगळी हत्यारं बाहेर काढली, भिंग घेतलं. भाषणाच्या तिसऱ्या स्लाईडवर मीच लिहिलंय: आवरणाला चीर गेली की वीज बाजूने गळते. आणि सापडली. एका पकडीच्या दांड्यावर केसाएवढी चीर. इतका आनंद झाला की सांगता येत नाही. कंपनीच्या माणसाला मनातल्या मनात चार पत्रं लिहिली. दुपारी दोनदा वरण घेतलं.

१३ ऑक्टोबर

पकड शालाला दाखवली. तिने भिंगातून बघितली. म्हणाली, "चीर आहे खरी. काढून टाक ही. पण ही पकड सात तारखेला उघडलीच नव्हती. पाकिटावर निर्जंतुक केल्याची तारीख सप्टेंबरची आहे."

मग मांडीखालची पट्टी. ती बरोबर लावली होती, शालानेच लावली होती. मग जोडवी. जोडव्यांवर मी एक तास घालवला. धातू, वीज, पाय. कागदावर चित्र काढलं. बाईंची बोटं जाऊन बघितली, कुठे डागसुद्धा नाही. नंदाबाईंनी नाकात नळी असताना विचारलं, "पायाला काय झालंय का, डॉक्टर?" मी म्हणालो, नाही, सहज. स्वतःच्या पेशंटच्या जोडव्यांवर आळ घेणारा मी जिल्ह्यातला पहिलाच सर्जन असेन.

सात तारखेनंतर मशीन मी सुरूच केलेलं नाही. पुढची दोन ऑपरेशनं पुढे ढकलली.

भाषण रद्द करावं का? अध्यक्षांनी पत्रिका छापायला टाकलीय. माझ्या नावाआधी 'सुप्रसिद्ध' लावलंय.

१५ ऑक्टोबर

नळीतून येणारं पाणी स्वच्छ आहे. टाका धरतोय असं वाटतं. उद्या घोटभर पाणी देऊन बघू.

आता दुसरं लिहितो. लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

ओटीत मुंग्या अजून आहेतच. सिस्टरला पुन्हा रागवायला म्हणून गेलो. आज ठरवलं, पुराव्यासकट रागवायचं. ओट्यावरून खाली उतरलेल्या रांगेमागे मी वाकून वाकून चाललो. डब्याकडे जाईल, पिशवीकडे जाईल असं वाटलं होतं. खडूच्या रेघेला वळसा घालून रांग मशीनखाली गेली आणि पेडलच्या फटीत शिरली.

मी जमिनीवर बसलो. पेडल उलटं केलं. आत साखर, खोबऱ्याचे कण, कुंकवाचा लगदा, आणि नारळाचं पाणी आटून झालेला चिकट थर. स्प्रिंगला मुंग्या लागल्या होत्या. पेडल सरळ करून दाबलं आणि बोट सोडलं. ते वर आलंच नाही. मग सावकाश उठलं, दुपारी झोपलेल्या माणसासारखं.

म्हणजे मी पाय उचलला होता. पेडल उठलं नव्हतं. टोकाला वीज चालूच होती, आणि मी ते टोक निवांत मागे घेत होतो, तान घेत. मशीन टूं टूं करून ओरडत असणार. कापसाच्या बोळ्यात.

पाणी मी वाहिलं. बोळा मी लावला. सहावी स्लाईड मी लिहिली. ठिपका मी बघितला आणि त्याला चरबी म्हणालो. आणि आठवडाभर मी सिस्टरचा डबा, कंपनीची पकड आणि एका बाईची जोडवी तपासत होतो. मुंग्यांना पहिल्या दिवशी कळलं होतं.

कांता सिस्टरची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राहू द्या सर. पण मी खरंच पाणी पण पीत नाही इथं."

१६ ऑक्टोबर

शालाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "धूर जास्त वेळ दिसतोय असं मला वाटलं होतं, म्हणून विचारलं. तू हो म्हणालास. तुझ्या आवाजात इतकी खात्री असते ना, की पुढे विचारायची सोय राहत नाही." मग म्हणाली, "मी पण विचारायला पाहिजे होतं. मशीनकडे बघायला पाहिजे होतं. तेव्हापासून रोज तेच डोक्यात आहे."

मी म्हणालो, "मला वाटलं, साडीचं."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही.

"काकासाहेबांना कधी सांगणार?"

"बाई बऱ्या होऊ देत."

"झाल्यावर?"

मी म्हणालो, बघू. खरं कारण असं की मला भीती वाटते. गावातून चार जीपा भरून माणसं येतील, काचा फुटतील, पेपरात फोटो येईल. त्याहून जास्त भीती म्हणजे ते काहीच करणार नाहीत, आणि नुसते माझ्याकडे बघतील.

नंदाबाईंनी आज चार घोट पाणी घेतलं. पोट मऊ आहे.

१९ ऑक्टोबर

नंदाबाई आज घरी गेल्या. पोटावर वीतभर टाका घेऊन, पण चालत. परवा लक्ष्मीपूजन. नातवाची आंघोळ यंदा दुसऱ्या कुणालातरी घालावी लागेल, त्यांना वाकायचं नाही असं मी बजावलं. "बसून बघीन," त्या म्हणाल्या. मी काल रात्री ठरवलं होतं की टाके काढायला येतील तेव्हा सांगू. म्हणजे पुन्हा पुढे ढकललं होतं.

तेवढ्यात काकासाहेब माझ्या खोलीत आले. हातात नारळ. शेंडीला कुंकू लावलेलं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही दोनदा हात लावला म्हून वाचली माझी बायको. तुमच्या त्या मशीनसमोर हा फोडायचाय. चला, जल्दी फोडू, गाडी उभी हाये."

मी नारळाकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं, मला संकोच होतोय. "घ्या ना," म्हणाले आणि माझ्या हातात दिला.

मग मी सांगितलं. नारळ हातात धरूनच सांगितलं. पूजा, पेडल, कापसाचा बोळा, गाणं, ठिपका. गुंतागुंत वगैरे नाही. "त्यांना मी भाजलं," असं म्हणालो.

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "तिनं पोट फाडायची भीती घेतल्ती. तुम्ही बिलकुल न्हाई म्हन्लात."

"हो."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"भाजलंय हे दहा तारखेला. कशाने ते पंधराला."

"पंधराला. आन आज एकोणीस." ते उठले. "मी नारळ आणला न्हाई तर सांगितलं असतं का तुम्ही?"

मी म्हणालो, "माहीत नाही." या महिन्यात मी खात्रीने न दिलेलं हे पहिलंच उत्तर असेल.

ते गेले. नारळ माझ्या हातात राहिला. खिडकीतून बघितलं, त्यांनी नंदाबाईंना हाताला धरून गाडीत बसवलं, पायाखाली उशी सरकवली. वर बघितलं नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

नारळ टेबलावर आहे. घरात चटणीला खोबरं नव्हतं, तरी शालाने त्याला हात लावला नाही. मीही नाही.

मशीनच्या स्पीकरवरचा बोळा काढला. चिकटपट्टीचा डाग राहिलाय, स्पिरिटनेही जात नाही. पेडल नवीन बसवलं. जुनं फेकलं नाही, भाषणात दाखवायला ठेवलंय. भाषण रद्द करणार होतो. शाला म्हणाली, "आता तर तुला खरंच अनुभव आहे." पहिली स्लाईड बदलली. तिच्यावर आता नारळाचा फोटो आहे. पुढच्या स्लाईडवर माझं नाव, आधी 'सुप्रसिद्ध' नाही.

आज लक्ष्मीसमोर बसलो तर डोळ्यांपुढे हसनाबादचं घर येत होतं. बाई बसून बघत असतील. त्यांचं दुखत असेल. वाईट वाटतं. याला दुसरा शब्द नाही.

२५ ऑक्टोबर

आज टाके काढायचा दिवस. ते येणार नाहीत, दुसरीकडे जातील असं मी धरून चाललो होतो. तरी सकाळपासून दर गाडीच्या आवाजाला खिडकीशी जात होतो. शालाने एकदाही टोकलं नाही.

आले. दोघंही.

टाके काढताना मी खाली बघून काम करत होतो. नंदाबाईच बोलल्या. "मला ह्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीचे दोन दिवस मला लई राग आल्ता तुमचा. अजून बी हाये थोडा."

"असायलाच पाहिजे," मी म्हणालो.

"मला झोपवून गानं म्हनत होते म्हनं?"

"हो."

"बरं म्हनता का?"

मी काही बोलायच्या आत शाला म्हणाली, "नाही." नंदाबाई हसल्या आणि लगेच पोट धरलं, टाक्याला ओढ बसली म्हणून. मीही हसलो, मग लाज वाटली.

काकासाहेब दाराशी उभे होते. टेबलावरचा नारळ त्यांना दिसला. "हा अजून हाये?" त्यांनी तो उचलला, बाहेर पायरीवर नेला, कांता सिस्टरकडून स्टीलचा पेला मागून घेतला. नारळ अलगद ठोकून फोडला आणि पाणी पेल्यात धरलं. पेला आणून नंदाबाईंच्या हातात दिला. "पी. थेंब सांडू दिला न्हाई," म्हणाले. नंदाबाईंनी मला चालेल का असं नजरेने विचारलं. मी मान हलवली. त्या सगळं प्यायल्या.

मग ते माझ्याकडे वळले. "माफीबिफीचं मला काय कळत न्हाई, डॉक्टर. मी ती दिली बी न्हाई अजून. पन त्या मशीनचा आवाज मला ऐकवा."

मी म्हणालो, "चला."

"मी न्हाई येत आत. तुम्ही जा, वाजवा. ओटीच्या बाहेर ऐकू आला पाहिजे. कुनीतरी ऐकंल, कुनीतरी तुम्हाला म्हनंल की पाय उचला."

त्यांनी नंदाबाईंना हळूहळू चालवत नेऊन व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसवलं आणि स्वतः ओटीच्या दाराबाहेर उभे राहिले. शाला मशीनपाशी आली. मी चपला काढल्या, मशीन सुरू केलं, पेडलवर पाय ठेवला आणि दाबला.

टूं.

काकासाहेबांनी व्हरांड्याकडे तोंड करून विचारलं, "आला का गं आवाज?"

तिकडून बारीक आवाजात उत्तर आलं, "न्हाई."

शालाने मशीनच्या मागची आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवली. मी पुन्हा दाबला. कानठळ्या बसतील असा कर्कश आवाज निघाला, कुठल्याच सुरात न बसणारा.

"आता?"

"आला," नंदाबाई म्हणाल्या. "आता आला."

काकासाहेब दारातून माझ्या पायाकडे बघत होते. मी पाय उचलला. आवाज लगेच थांबला.